गुरुदीक्षेचा विधी कसा घडत गेला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वसईकडच्या गावांत एखाद्या मुलाची गुरुदीक्षा असली की तो सोहळा एका घराचा राहत नाही. मांडवात शेजारपाजारची हिंदू, मुसलमान कुटुंबंही येऊन बसतात. विधी दोन-अडीच तास चालतो आणि मग पंगतीत प्रश्न सुरू होतात. तो जमिनीवर पालथा का पडला होता? हाताला तेल कसलं लावलं? सगळे फादर रांगेने येऊन डोक्यावर हात का ठेवून गेले? मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, त्यामुळे हे प्रश्न फिरून माझ्याकडे येतात. उत्तरं देता देता लक्षात आलं, की या विधीतली एकेक कृती वेगळ्या शतकात आणि वेगळ्या देशात आलेली आहे. काही टिकल्या, काही गळल्या, आणि सर्वांत जुनी कृती मधली कित्येक शतकं इतरांच्या गर्दीत झाकली गेली होती. ती कहाणी मला फार जवळची वाटते, म्हणून सगळं एका जागी लिहून काढलं. इथला विचार मुख्यतः लॅटिन, म्हणजे रोमन परंपरेचा आहे.

गुरुदीक्षा म्हणजे गुरूकडून घेतलेली दीक्षा का?

मराठीत हा गोंधळ होणारच. गुरूने शिष्याला दिली ती गुरुदीक्षा, हा अर्थ आपल्या कानाला सवयीचा. मराठी कॅथलिक मात्र हा शब्द 'गुरुपदाची दीक्षा' अशा अर्थाने वापरतात. ज्याला ती मिळते तो धर्मगुरू होतो. कॅथलिक श्रद्धेतल्या सात संस्कारांपैकी हा एक आहे. लॅटिनमध्ये याला 'ऑर्दिनात्सियो' म्हणतात. 'ऑर्दो' हा रोमन समाजव्यवस्थेतला शब्द, त्याचा अर्थ वर्ग किंवा मंडळ, जसं सिनेटरांचं मंडळ. एखाद्याला त्या मंडळात सामील करून घेणं म्हणजे ऑर्दिनात्सियो.

संस्कार एकच, पण त्याच्या पायऱ्या तीन : डीकन (म्हणजे सेवक), धर्मगुरू आणि बिशप. एकदा मिळालेली दीक्षा पुसली जात नाही. कोणी पुढे सेवा सोडली तरी तीच दीक्षा त्याला पुन्हा दिली जात नाही.

बायबलमध्ये हा विधी आहे का?

विधी म्हणून मांडलेला नाही, कृती म्हणून आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीने सात जण निवडले, प्रेषितांनी प्रार्थना केली आणि त्यांच्यावर हात ठेवले. तेराव्या अध्यायात अंत्युखियात बर्णबा आणि पौल यांना कामगिरीवर पाठवताना हेच घडलं. तीमथ्याला लिहिलेल्या दोन्ही पत्रांत हात ठेवल्याने मिळालेल्या कृपादानाची आठवण करून दिली आहे. एके ठिकाणी ते हात वडीलवर्गाचे आहेत, दुसरीकडे पौलाचे.

शब्दांकडेही जरा लक्ष द्यावं. मंडळीच्या प्रमुखांसाठी नव्या करारात 'प्रेस्बितेरोस', म्हणजे वडील, हा शब्द येतो. यज्ञ करणारा 'याजक' हा शब्द तिथे या माणसांना लावलेला नाही. तो यरुशलेमच्या मंदिरातल्या याजकांसाठी आहे, आणि इब्री लोकांस पत्रात स्वतः ख्रिस्तासाठी. वडिलांना याजक म्हणण्याची रीत नंतर, मिस्साबलिदानाविषयीचं (म्हणजे वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याच्या उपासनेविषयीचं) चिंतन जसजसं खोल होत गेलं तसतशी रुळली. विधीचा पुढचा सगळा प्रवास या दोन शब्दांमधल्या ओढीतून समजतो, असं मला वाटतं. दीक्षा घेणारा आधी मंडळीतला वडील आहे, की आधी वेदीवरचा याजक?

सर्वांत जुना लिहिलेला विधी कोणता?

'प्रेषितीय परंपरा' या नावाने ओळखला जाणारा एक छोटा ग्रंथ. तो पूर्वापार रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर आहे आणि साधारण तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा मानला जातो. लेखक नक्की कोण आणि मजकूर किती थरांत जमा झाला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्यात जे आहे ते मोलाचं आहे.

बिशपाची निवड सगळे लोक करतात. रविवारी सगळे जमतात, आलेले बिशप त्याच्यावर हात ठेवतात आणि बाकीचे सगळे शांत उभे राहून पवित्र आत्मा उतरावा म्हणून मनात प्रार्थना करतात. मग एक बिशप मोठ्याने प्रार्थना म्हणतो. धर्मगुरूच्या दीक्षेत बिशपासोबत इतर धर्मगुरूही हात ठेवतात. डीकनवर मात्र एकटा बिशप हात ठेवतो, आणि ग्रंथ त्याचं कारणही देतो : डीकनची दीक्षा याजकपदासाठी नसून बिशपाच्या सेवेसाठी आहे. हा फरक आजही आपल्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा पाळला जातो. पुढच्या वेळी डीकनच्या दीक्षेला गेलात तर पाहा, फादरांची रांग हात ठेवायला पुढे येत नाही.

याच ग्रंथातला एक नियम मी वर्गात नेहमी सांगते. श्रद्धेसाठी ज्याला बेड्या पडल्या, तुरुंगवास घडला, त्याच्यावर डीकन किंवा धर्मगुरुपदासाठी हात ठेवण्याची गरज नाही. त्याच्या साक्षीनेच त्याला तो मान मिळाला आहे. बिशप करायचा असेल तर मात्र हात ठेवावेच लागतात. छळाच्या काळातली मंडळी कशी विचार करत होती, ते या एका नियमातून दिसतं.

प्राचीन रोममध्ये सोहळा कसा असायचा?

आजच्या मानाने फारच साधा. आपल्याकडे आलेल्या जुन्या रोमन प्रार्थना व्हेरोनाच्या ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात आहेत. हस्तलिखित साधारण सातव्या शतकाच्या सुरुवातीचं, प्रार्थना त्याहून जुन्या. लोकांना प्रार्थनेचं आवाहन, लितानी (एकाने म्हणायची आणि सगळ्यांनी साथ द्यायची विनवणी), हात ठेवणं आणि एक दीर्घ दीक्षा-प्रार्थना, एवढाच विधी. तेल नाही, चषक हाती देणं नाही.

धर्मगुरूसाठीची ती प्रार्थना मोशेच्या सत्तर वडिलांची आठवण काढते. एकट्याला लोकांचा भार पेलवेना, तेव्हा देवाने मोशेवरचा आत्मा त्या सत्तर जणांना वाटून दिला. त्यानंतर अहरोनाच्या पुत्रांचा उल्लेख येतो. धर्मगुरू हा बिशपाचा सहकारी, 'दुसऱ्या श्रेणीची सेवा' करणारा, असं ती म्हणते. शब्दांत काही बदल झाले, पण तीच प्रार्थना आजही जगभरच्या लॅटिन चर्चमध्ये म्हटली जाते, आपल्याकडे मराठीतून. दीड हजार वर्षांच्या आसपासची प्रार्थना आपण वसईच्या मांडवात बसून ऐकतो, हे लक्षात आलं की माझ्या अंगावर काटा येतो.

मग तेल, चषक, झगा हे सगळं आलं कुठून?

आल्प्सच्या पलीकडून, आजच्या फ्रान्स आणि जर्मनीच्या प्रदेशातून. गॉलमधल्या मंडळींना डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या खुणांची ओढ होती. आठव्या शतकातल्या फ्रँक लोकांच्या विधिग्रंथांत धर्मगुरूच्या हातांना अभिषेक करण्याची प्रार्थना सापडते. रोमला हे परकं होतं. इ. स. ८६४ मध्ये बुर्जच्या आर्चबिशपने याविषयी विचारलं, तेव्हा पोप पहिले निकोलस यांनी कळवलं की आमच्या रोमन मंडळीत धर्मगुरूंच्या किंवा डीकनांच्या हातांना अभिषेक करत नाहीत.

पण वारं उलट्या दिशेने वाहत होतं. शार्लमेनने रोमचे ग्रंथ उत्तरेत मागवले, तिथे त्यांत स्थानिक प्रथा मिसळल्या, आणि दहाव्या शतकात माइन्झच्या परिसरात तयार झालेला मोठा विधिग्रंथ जर्मन सम्राटांच्या काळात रोममध्येच जाऊन बसला. अशा रीतीने रोमने पाठवलेलं साधं रोप फुलापानांनी लगडून रोमला परत आलं. त्याच सुमारास भाकर ठेवलेली तबकडी आणि द्राक्षारसाचा चषक नव्या धर्मगुरूच्या हाती देण्याची कृती रुजली. तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या मांद गावचे बिशप गिय्योम दुरां यांनी विधींची नेटकी मांडणी केली. १४८५ मध्ये छापलेला पहिला रोमन पोंतिफिकाल, म्हणजे बिशपांचा विधिग्रंथ, त्यांच्याच मांडणीवर उभा आहे.

या सगळ्याला निव्वळ सजावट म्हणणं मला पटत नाही. त्या काळात जमिनीचा व्यवहारसुद्धा मातीचं ढेकूळ हाती देऊन व्हायचा, अधिकार किल्ली देऊन सोपवला जायचा. ज्याच्या हाती वस्तू, त्याचा अधिकार, हीच समाजाची भाषा होती आणि चर्चने ती वापरली. अडचण पुढे आली. खुणा इतक्या बोलक्या झाल्या, की मुळातली मुकी कृती कोणाला ऐकूच येईना.

एवढ्या सगळ्यातून माणूस नेमका कोणत्या क्षणी धर्मगुरू होतो?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. याचं स्पष्ट उत्तर द्यायला चर्चला पाचशेहून अधिक वर्षं लागली.

मध्ययुगीन विधीत दावेदार बरेच होते. बिशप मूकपणे डोक्यावर हात ठेवायचा, तो एक क्षण. दीक्षा-प्रार्थना. हातांना तेल. चषक आणि तबकडी देताना म्हटलेले शब्द : "देवाला बलिदान अर्पण करण्याचा, जिवंतांसाठी आणि मृतांसाठी मिस्सा करण्याचा अधिकार स्वीकार." शिवाय मिस्साच्या शेवटाकडे पुन्हा एकदा हात ठेवून "पवित्र आत्मा घ्या, ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल…" हे योहानाच्या शुभवर्तमानातले शब्द. यात शब्दांनी सर्वांत ठळक सांगणारा क्षण चषकाचा. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत आर्मेनियन मंडळींसाठी निघालेल्या आदेशाने तोच निवडला. त्यातलं संस्कारांविषयीचं विवेचन बहुतांशी संत थॉमस अक्वायनस यांच्या एका छोट्या पुस्तिकेवरून घेतलं होतं. संस्काराचं 'द्रव्य', म्हणजे ज्या दृश्य कृतीने तो घडतो ती, चषक आणि तबकडी देणं, असं त्यात लिहिलं गेलं.

परिणाम कल्पनेपेक्षा गंभीर होता. दीक्षार्थीच्या बोटांचा स्पर्श चषकाला नीट झाला होता का, असली शंका माणसाला वर्षानुवर्षं छळायची. प्रकरणं रोमपर्यंत जायची आणि काहींना दीक्षा सशर्त पुन्हा दिली जायची. आपली मिस्सा खरी होती का, आपण दिलेली पापक्षमा खरी होती का, या काळजीने झोप उडालेल्या धर्मगुरूंची कल्पना करून पाहा.

मार्ग दाखवला तो इतिहासाच्या अभ्यासाने. १६५५ मध्ये पॅरिसमध्ये झां मोरँ या धर्मगुरूंनी पूर्व-पश्चिमेचे जुने दीक्षाविधी गोळा करून छापले, आणि पहिल्या सुमारे नऊशे वर्षांत चषक देण्याचा मागमूसही नाही हे उघड्यावर आलं. ग्रीक मंडळींनी तर तो कधी दिलाच नव्हता, तरी त्यांची दीक्षा रोमने नेहमीच खरी मानली होती. १९१४ मध्ये डच कार्डिनल व्हान रॉसुम यांनी हाच मुद्दा सविस्तर मांडला.

अखेर ३० नोव्हेंबर १९४७ रोजी पोप बारावे पायस यांनी निर्णय दिला. द्रव्य एकच : हात ठेवणं. शब्द एकच : दीक्षा-प्रार्थना, आणि तिच्यातलं गाभ्याचं वाक्य. आशय असा, की हे सर्वसमर्थ पित्या, या तुझ्या सेवकाला धर्मगुरुपदाचा मान दे, त्याच्या अंतरंगात पावित्र्याचा आत्मा नव्याने घाल. प्रार्थनेआधी बिशप मुक्याने हात ठेवतो तेव्हाचेच हात विधीला वैध करतात, हेही त्यांनी नेमकं सांगितलं. निर्णय त्या दिवसापासून पुढे लागू होता. चषक देणं तरीही विधीत राहिलं, फक्त संस्काराची वैधता त्यावर टांगलेली राहिली नाही.

सात पायऱ्या होत्या असं आजोबा सांगायचे. त्या कोणत्या?

द्वारपाल, वाचक, भूत काढणारा एक्झॉर्सिस्ट, वेदीवर मदत करणारा अकोलाइट, उपडीकन, डीकन आणि धर्मगुरू. पहिल्या चार कनिष्ठ पायऱ्या. त्यांच्याही आधी टॉन्शर, म्हणजे डोक्यावरचे थोडे केस कापून धर्मसेवकांच्या वर्गात प्रवेश. प्रत्येक पायरीला हाती काहीतरी दिलं जायचं : द्वारपालाला किल्ल्या, वाचकाला ग्रंथ, अकोलाइटला मेणबत्ती आणि रिकामं सुरईपात्र.

मुळात या पायऱ्या नव्हत्या, कामं होती. सुमारे २५१ मध्ये पोप कॉर्नेलियस यांनी अंत्युखियाच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात रोमच्या मंडळीची गणती आहे : ४६ धर्मगुरू, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ अकोलाइट, आणि एक्झॉर्सिस्ट, वाचक व द्वारपाल मिळून ५२. शिवाय मंडळी सांभाळत असलेल्या विधवा आणि गरजू दीड हजारांहून अधिक. तेव्हा द्वारपाल खरंच दार सांभाळायचा. शतकं लोटली तशी कामं दुसरेच करू लागले आणि पदं फक्त सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातल्या, मुलांनी चढायच्या पायऱ्या होऊन उरली.

पोप सहावे पॉल यांनी १५ ऑगस्ट १९७२ च्या आदेशाने टॉन्शर, कनिष्ठ पायऱ्या आणि उपडीकनपद बंद केलं. वाचक आणि अकोलाइट ही दोन कामं 'सेवा' म्हणून ठेवली, ज्यांना दीक्षा लागत नाही. २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी त्या सेवा स्त्रियांसाठीही खुल्या केल्या.

ट्रेंटच्या परिषदेने विधी बदलला का?

विधी फारसा नाही, तयारी मात्र बदलली. १५ जुलै १५६३ च्या अधिवेशनात दीक्षा हा ख्रिस्ताने स्थापलेला संस्कार आहे, हे प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांच्या विरोधात ठामपणे सांगितलं गेलं, आणि प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी काढावी असा हुकूम निघाला. त्याआधी धर्मगुरूचं शिक्षण ही नशिबाची गोष्ट होती. विधिग्रंथाची अधिकृत प्रत पोप आठवे क्लेमंट यांनी १५९६ मध्ये लागू केली आणि पुढे पावणेचारशे वर्षं तीच चालली.

अँग्लिकन धर्मगुरूंची दीक्षा कॅथलिक चर्च का मानत नाही?

पोप तेरावे लिओ यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये तसा निर्णय दिला. राजा सहाव्या एडवर्डच्या काळात, १५५० मध्ये, इंग्लंडच्या (म्हणजेच अँग्लिकन) चर्चने जो दीक्षाविधी स्वीकारला त्यातून बलिदान अर्पण करणाऱ्या याजकाचा उल्लेख मुद्दाम गाळला गेला, म्हणून शब्द आणि हेतू दोन्ही अपुरे ठरले, असा त्यांचा युक्तिवाद. कँटरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांनी १८९७ मध्ये लॅटिनमधून सविस्तर उत्तर दिलं, की असं असेल तर तुमचे स्वतःचे प्राचीन विधीही अपुरे ठरतील. वाद धारदार होता, पण त्यातून दोन्ही बाजूंना जुने ग्रंथ पुन्हा उघडावे लागले. निर्णय आजही कायम आहे. अँग्लिकन धर्मगुरू कॅथलिक झाला आणि त्याला सेवा करायची असेल, तर त्याला दीक्षा घ्यावी लागते.

व्हॅटिकन परिषदेनंतर नेमकं काय बदललं?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक घोषणापत्राने डिसेंबर १९६३ मध्ये दीक्षेचे विधी आणि प्रार्थना तपासून नव्या कराव्यात असं सांगितलं. बेल्जियन बेनेडिक्टाइन अभ्यासक बर्नार्ड बोत यांच्या गटाने ते काम केलं आणि १८ जून १९६८ रोजी पोप सहावे पॉल यांनी नवा विधी मंजूर केला. सुधारित दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये आली.

जुन्या विधीत हात ठेवणं सुरुवातीला व्हायचं आणि मग तेल, चषक, दुसऱ्यांदा हात, मागे दुमडून ठेवलेला चॅझ्युबल (मिस्साचा झगा) खाली सोडणं असं ते मिस्साभर पसरलेलं असायचं. आता शुभवर्तमान आणि प्रवचनानंतर सगळं एका जागी येतं : वचनं, लितानी, हात, प्रार्थना, आणि त्यानंतरच बाकीच्या खुणा, जे आधीच घडलं आहे ते उलगडून सांगण्यासाठी. शेवटचं दुसऱ्यांदा हात ठेवणं काढून टाकलं. हाताला पूर्वी दीक्षास्नानार्थींचं, म्हणजे बाप्तिस्मा घेणार असलेल्यांचं, तेल लावायचे, आता क्रिझम लावतात. ऑलिव्ह तेलात सुगंधी बाल्सम मिसळून बिशप ते पवित्र सप्ताहात आशीर्वादित करतात.

मला सर्वांत भिडणारा बदल चषकाचा आहे. पूर्वी तो देताना 'अधिकार स्वीकार' असे शब्द होते. आता भाकर आणि द्राक्षारस लोक वेदीकडे आणतात, बहुतेकदा घरचीच माणसं, आणि बिशप ते नव्या धर्मगुरूच्या हाती ठेवून म्हणतात : पवित्र प्रजेचं हे अर्पण देवाला वाहण्यासाठी स्वीकार, तू काय करतोस ते ओळख, जे हाताळतोस त्याचं अनुकरण कर, आणि प्रभूच्या क्रुसाच्या रहस्याशी आपलं जीवन जुळवून घे. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. हातातली भाकर लोकांची आहे. याजक उभा आहे तो त्यांच्यामधला वडील म्हणूनच.

बिशपाच्या दीक्षेत काय बदललं?

नावच बदललं. पूर्वी तिला 'अभिषेक' म्हणत, कारण मध्ययुगातल्या अनेक विद्वानांना बिशपपद हा वेगळा संस्कार वाटत नव्हता. मिस्सा करण्याचा अधिकार धर्मगुरूला असतोच, मग त्यावर आणखी काय, असा त्यांचा हिशेब. १९६४ मध्ये परिषदेने स्पष्ट केलं, की दीक्षा-संस्काराची पूर्णता बिशपपदातच आहे. १९६८ पासून त्यासाठीची प्रार्थनाही बदलली : रोमची जुनी प्रार्थना बाजूला ठेवून 'प्रेषितीय परंपरे'तली घेतली. कॉप्टिक आणि पश्चिम सिरियन मंडळी बिशपांच्या दीक्षेत तिचाच बराचसा भाग पूर्वापार म्हणत आल्या आहेत. नव्या विधीच्या वैधतेवर शंका घेणाऱ्यांना एवढं एक सांगितलं तरी पुरे.

प्रार्थना चालू असताना डोक्यावर उघडं धरलेलं शुभवर्तमान ही फार प्राचीन प्रथा, चौथ्या शतकापासून दिसते. किमान तीन बिशप हवेत हा दंडक ३२५ च्या नायसिया परिषदेचा.

तो पालथा का पडतो? आणि बिशपाच्या हातात हात का देतो?

पालथं पडणं म्हणजे माझं स्वतःचं इथे काही नाही, हे अंगाने म्हणणं. त्या वेळी संतांची लितानी गायली जाते, म्हणजे तो मातीशी असताना स्वर्गातली आणि मांडवातली सगळी मंडळी त्याच्यासाठी विनवत असतात. आया रडतात त्या इथेच.

जोडलेले हात बिशपाच्या हातांत देऊन आज्ञापालनाचं वचन देणं मात्र सरंजामी युरोपातून आलं आहे. सरदार आपल्या स्वामीपुढे अशीच निष्ठा वाहायचा. जुन्या विधीत हे मिस्साच्या अखेरीस होतं, आता लितानीच्या आधी येतं.

हात बांधलेला कपडा आईला देतात, ते काय?

जुन्या विधीत तेल लावलेले हात पांढऱ्या कापडाने बांधत. नव्या विधीत बांधणं नाही, नुसते पुसतात. पण तेल लागलेलं ते कापड आईला द्यायचं आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या हातांत ठेवून दफन करायचं, ही प्रथा अनेक देशांत लोकांनी जपली आहे. विधिग्रंथात ती नाही. काही गोष्टी ग्रंथाबाहेर राहूनच जिवंत राहतात.

आपल्या भागाचा या इतिहासाशी काय संबंध?

दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रू यांना पोर्तुगीज गोव्यात दीक्षेची दारं बंद होती. ते रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले, आणि १६३७ मध्ये बिशप. लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप. त्यांना आदिलशाही मुलखाची जबाबदारी मिळाली आणि त्यांचं ठाणं डिचोलीत होतं. त्यांच्या हाताने आपल्या माणसांना दीक्षा मिळू लागली, म्हणून त्यांच्यावर रोषही ओढवला. संत जोसेफ वाझ यांची दीक्षा १६७६ ची, गोव्यातलीच. तीही १५९६ च्या त्याच ग्रंथाप्रमाणे, लॅटिनमधून. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि युरोपीय मिशनरी गेले, तेव्हा आमची धर्मग्रामं देशी धर्मगुरूंनी सांभाळली.

आणि मुंबई. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषदेसाठी पोप सहावे पॉल आले, तेव्हा त्यांनी ओव्हल मैदानावर वेगवेगळ्या खंडांतल्या सहा जणांना बिशपपदाची दीक्षा दिली. सुधारणेचा ठराव झाला होता, नवा विधी अजून यायचा होता. ज्यांनी चार वर्षांनी तो मंजूर केला, त्यांनीच जुन्या विधीतला सोहळा मुंबईच्या मातीवर केला.

स्त्रियांना किंवा विवाहितांना दीक्षा मिळते का?

चर्चच्या कायद्यानुसार दीक्षा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या पुरुषालाच मिळते. १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रियांना ती देण्याचा अधिकार चर्चला नाही असं जाहीर केलं. लॅटिन परंपरेत विवाहित पुरुष वयाच्या ३५ नंतर, पत्नीच्या संमतीने, कायमस्वरूपी डीकन होऊ शकतो. पौर्वात्य कॅथलिक परंपरांपैकी अनेकांत विवाहित पुरुष धर्मगुरूही होतात. धर्मगुरू होण्यासाठी किमान वय २५, आणि डीकनपदानंतर किमान सहा महिने जावे लागतात.

जुना विधी आता कुठे होतो का?

होतो, मोजक्या ठिकाणी. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संत पेत्राच्या धर्मगुरू-संघासारख्या काही संस्थांना जुने ग्रंथ वापरण्याची परवानगी आहे. एरवी सर्वत्र नवाच.

सोहळ्याला बोलावणं आलं आहे. काय लक्षात ठेवू?

लितानी संपली की बसल्या जागी सावरून बसा. बिशप उठतात, गुडघे टेकलेल्या मुलाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात. एक शब्द नाही. मग जमलेले सगळे फादर एकामागून एक येतात आणि तसेच हात ठेवून पुढे जातात. थकलेले ऐंशीचे, गेल्या वर्षी दीक्षा झालेले, त्याला लहानपणी धर्मशिक्षण देणारे. वसईत शंभरावर फादर असले तर याला बराच वेळ लागतो. नेमकं तेव्हाच मागे कुजबुज सुरू होते, फोन वर येतात, छायाचित्रकार खुर्च्या सरकवतात, कारण गाणं नाही आणि बोलणंही नाही, म्हणजे काही घडत नसावं असं वाटतं. त्या पाच-दहा मिनिटांत फोन खिशात ठेवा, लेकरांना मांडीवर घ्या. टाळ्या पुढे वाजवायच्याच आहेत, झगा चढवल्यावर.